करण्यात येईल

जिल्हा न्यायालयाच्या फाटकासमोर माझं झेरॉक्सचं दुकान,
पत्र्याचं, आठ बाय सहा.
मे महिन्यात मशीन आणि मी
दोघंही तापून बंद पडतो, दुपारी दोन ते चार.

निकाल सगळे माझ्याकडूनच जातात.
पान दोन रुपये, पाठपोट तीन.
म्हणून मला कायदा कळतो असं नाही,
वजन कळतं.

त्या दिवशीचा त्रेचाळीस पानी होता.
विडी कारखान्यातल्या बायकांचा, फंडाचा,
एकोणीस वर्षं तारखा खाऊन आलेला.
हत्तुरे वकील स्वतः घेऊन आले, घामाने काळा कोट पांढरा झालेला,
शेवटच्या पानावर बोट ठेवून म्हणाले,
हे नीट काढ. फिकं नको यायला.

शासनाने सहा आठवड्यांत रक्कम द्यावी.

शासनाने. तृतीया.
एवढी शाळा मला आठवते.
कर्ता जागेवर होता, क्रियापद जागेवर होतं,
मधे मुदत होती.

राजव्वा येमूल बाहेर दगडावर बसलेली,
नखं तंबाखूने पिवळी.
म्हणाली, सहा आठवडे म्हणजे किती पाणी?
आमच्याकडे नळ पाच दिवसांनी येतो,
तिचं कॅलेंडर तेच.
मी म्हणालो, आठ. वर दोन दिवस.
तिने पेरांवर आठ मोजले
आणि मूठ मिटली,
सुट्टे पैसे धरावेत तशी.

संध्याकाळी साहेबांची पत्रकार परिषद.
मी गेलो नव्हतो, माझा कागद गेला होता:
प्रेसनोटच्या साठ प्रती, एकपानी, गरम.

न्यायालयाचा आदर करण्यात येत आहे.
निकालाचा अभ्यास करण्यात येत आहे.
विधी विभागाचा अभिप्राय मागवण्यात येईल.
पात्र महिलांबाबत उचित निर्णय घेण्यात येईल.

मी मशीनचं झाकण उघडून पाहिलं.
सकाळी तर होता,
एवढ्यात कुठे पडला कर्ता?
रोलरमध्ये कागद अडकतो कधीकधी, चुरगळून,
तसा असेल म्हटलं.
नव्हता.

मुजावरांच्या पोराने, नवीनच बातमीदार आहे,
विचारलं म्हणे, येईल ते ठीक, पण करणार कोण?
माहिती घेऊन कळवण्यात येईल, म्हणाले.
मग शेंगाचटणीची पाकिटं वाटण्यात आली.
ती कुणी वाटली
हे मात्र सगळ्यांनी पाहिलं.

राजव्वाचं मराठी मोडकं.
घरात तेलुगू, गल्लीत कन्नड,
मराठी फक्त मुकादमाशी आणि कोर्टाशी.
मुकादम छाट काढली, म्हणते.
मालक कुलूप लावली.
मी वळला, रोज हजार वळला, डोळा गेली.
लिंग चुकतं, प्रत्यय गळतात,
गुरुजींनी पट्टी काढली असती.
पण तिच्या एकाही वाक्यात
काम केलेला माणूस गायब नाही.

आठवं पाणी आलं, गढूळ, रात्री दोनला.
नववं आलं.
दहाव्याच्या सुमारास पुन्हा एक प्रेसनोट:
मुदतवाढीसाठी अर्ज करण्यात आला आहे.
साठ प्रती. बिल अजून यायचंय,
तेही मंजूर करण्यात येईल.

आज अकरावं.
राजव्वा घागर तशीच बाजूला ठेवून आली,
पदर ओला.
सगळा नको, म्हणाली, शेवटचा पान दे. घरात लावते.
मी म्हटलं, राहू दे पैसे.
दोन रुपयांचं नाणं काचेवर आपटलं तिने:
तू काढला. मी दिला.

टोनर संपत आलंय.
प्रत निघाली ती पाहिली,
बाकी ओळ ठीक होती,
शासनाने तेवढं फिकं.

डबा काढून हलवला,
परत काढली.